पेटी राहिली

“पेटी आणा रं, पेटी. कवाधरनं वराडतोय मी. सूर्य काय तुमच्यासाठी थांबून ऱ्हाणार हाय व्हय?”

ओरडत होते डॅनियलकाका. जागा — आष्ट्याबाहेरची आमची ख्रिस्ती दफनभूमी, सांगलीच्या रस्त्यावरून उसाच्या दोन फडांमधली वाट धरली की शेवटी लागते ती. वेळ — ईस्टरची पहाट, पूर्वेला जेमतेम पांढरं झालेलं. काका मिलिट्रीतून रिटायर झालेले, वय नव्वदीला टेकलेलं, पण आवाज अजून परेडच्या मैदानावरचाच. ते ओरडले की शेजारच्या फडातले कोल्हे थेट चिक्कोडीपर्यंत पळतात असं मी सांगत असतो, आणि कोल्ह्यांनी आजवर ते नाकारलेलं नाही.

मंडळी जमली होती. हजारभर माणसं... बरं, पन्नास-साठ असतील, पण त्या वेळेला अंथरूण सोडून आलेला एक माणूस वीसजणांच्या जागी धरावा. क्रुसांना नवा चुना लावलेला, कबरींवर झेंडू, वाऱ्यानं विझणाऱ्या आणि पुन्हा पेटवल्या जाणाऱ्या मेणबत्त्या. सामान सलीमच्या टेम्पोतून आलं होतं. सलीम माझा शेजारी, त्याचं दुकान माझ्या दुकानाला लागून. त्यानं फाळका पाडला. चारजणांनी चादरीत गुंडाळलेली पेटी उचलली आणि आणून पाळकसाहेबांच्या पुढ्यात ठेवली.

बाजाच्या पेटीला चार माणसं लागत नाहीत, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी लांब कोपऱ्यात, आमच्या आशिषच्या कबरीवरचं गवत उपटत बसलो होतो. पाळकसाहेबांनी वाकून चादर ओढली.

खाली माणसाची पेटी. सागवानी, पितळी कड्यांची, झाकणावर क्रूस.

पुनरुत्थानाच्या पहाटे, कबरींच्या मधोमध, सगळ्या मंडळीसमोर, मढ्याची पेटी. एक आजी मटकन खाली बसली. गाण्याच्या पुस्तकाआड कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. डॅनियलकाका काठी टेकत पुढे आले, चष्मा लावला, कडीवरून हात फिरवला.

“ही माझी हाय,” काका म्हणाले. “ही आज कशापायी आणली? डाक्टर कायतरी बोललाय आन् मला सांगत न्हाईसा, असं हाय का?”

आता इथं थांबून माझी ओळख देतो. ह्या पानावर आपले न उलगडलेले अनुभव लिहिणारा प्रत्येकजण आधी सांगतो की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझा तर नसायलाच पाहिजे, धंद्याचा प्रश्न आहे. मी योहान, आष्ट्यात सुतारकीचं दुकान. कपाटं, दिवाण, लग्नातले पलंग, आणि आजूबाजूच्या ख्रिस्ती घरांसाठी शेवटच्या पेट्या. कवठे महांकाळपासून शिरवळपर्यंत माझ्या पेट्या जमिनीत आहेत आणि एकाही गिऱ्हाइकानं परत येऊन तक्रार केलेली नाही. डॅनियलकाकांनी आपली पेटी आगाऊ करून घेतली आहे. महिन्यातून एकदा येऊन बघून जातात आणि पॉलिश बरोबर नाही म्हणतात.

दुपारी लाइट गेली की मी तयार पेटीतच आडवा होतो. आत गार असतं. एकदा असाच घोरत होतो आणि गॅसवाला सिलिंडर घेऊन आत आला. मी पेटीतनं उठून बसलो आणि म्हणालो, “किती उशीर रं?” तो सिलिंडर टाकून जो पळाला तो रिकामा न्यायला अजून आलेला नाही.

ह्यात थोडं वाढवलंय. गावात मला योहान थापाड्या म्हणतात, ते उगीच नाही. म्हणून आधीच सांगून ठेवतो — पुढं जिथं मी वाढवून सांगेन ते तुम्हाला आपोआप कळेल. जे साधं वाटेल, ते जसंच्या तसं घडलेलं आहे.

आता साधं सांगतो.

आशिष आमचा एकुलता. शिरवळला कंपनीत होता. शनिवारी मोटरसायकलवरून घरी यायचा, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचा — बाजाची — आणि संध्याकाळी परत जायचा. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आधी असाच येताना हायवेवर गेला. त्याची पेटी मी केली. त्याबद्दल एवढंच लिहितो.

त्यानंतर माझी बायको, रूथ, उठली नाही.

आजारी म्हणावं तर आजारी नव्हती. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासलं, मिरजेच्या डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या. गोळ्या घ्यायची. जेवण समोर नेलं तर चार घास खायची. पण भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. न्हाणीपर्यंत जायचं तर मला धरून, नाहीतर भिंत धरून. तिची वेणी मी घालायचो... सुताराच्या हातची वेणी, अगदी कोनात बसलेली. भाकरी मी करायचो. माझ्या भाकरीनं दाराखालची फट बुजवता आली असती. तरी तिनं कधी नाव ठेवलं नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं. आधी ती माझ्या चहालासुद्धा नावं ठेवायची.

रोज सकाळी मी विचारायचो, “उठतीस का गं?”

ती म्हणायची, “उठते.”

झालं. तेवढ्यावर दिवस संपायचा.

लोक म्हणतात दुःखानं माणूस खचतो. मला विचाराल तर माणूस दमतो. मीही दमलो होतो. रंधा हातात धरून तसाच उभा राहायचो आणि बाहेर गिऱ्हाईक हाका मारायचं. आशिषसाठी रडायलासुद्धा सवड काढायला लागायची, आणि सवड मिळाली की झोप लागायची.

पाळकसाहेब येऊन जायचे. तरुण माणूस, नगरकडचा, शुद्ध बोलणारा, मनानं चांगला. एकदा रूथच्या उशाशी बसून बराच वेळ पुनरुत्थानाबद्दल बोलले. शेवटच्या दिवशी सगळे उठतील, आशिष उठेल, आपली त्याची भेट होईल, ही आपली आशा आहे, वगैरे. मी चहा घेऊन दारात उभा होतो.

रूथ भिंतीकडं बघतच म्हणाली, “सायेब, त्ये शेवटच्या दिवसाचं मला पटलंया. त्यात माझं काय भांडण न्हाई. मधल्या दिवसांचं काय करायचं त्ये सांगा.”

पाळकसाहेबांनी माझा चहा प्यायला. त्यात मी साखरेऐवजी मीठ घातलं होतं असं मी नंतर गावात सांगितलं, पण ते खोटं आहे. चहा बरा होता. त्यांच्याच्यानं बोलवलं नाही एवढंच.

आता पेटीचं. आमच्यात, म्हणजे मराठी ख्रिस्ती लोकांत, पेटी म्हटलं की दोन वस्तू. एक बाजाची, एक माणसाची. कुठली ते बोलणाऱ्याच्या तोंडावरून ओळखायचं. आशिषची बाजाची पेटी रूथच्या नजरेला पडू नये म्हणून मी ती घरातून उचलून दुकानात नेऊन ठेवली होती. चादरीत गुंडाळून, मागच्या फळीवर. दुकान घराला चिकटून आहे, पण आतून वाट नाही. दार रस्त्याकडून, लोखंडी, आणि त्याला हे एवढं कुलूप. किल्ल्या दोन. एक माझ्या कमरेच्या करदोट्याला असते. दुसरी आशिषच्या गाडीच्या किल्लीसोबत असायची. गाडी मिळाली, त्या किल्ल्या मिळाल्या नाहीत.

त्या वर्षभरात चर्चमध्ये पेटी वाजलीच नव्हती. ईस्टरच्या आदल्या दिवशी पाळकसाहेबांनी भीतभीत विचारलं, पहाटेच्या उपासनेला आशिषची पेटी मिळेल का. मला थोडी वाजवता येते, म्हणाले. मी हो म्हणालो. रूथला सांगितलं नाही. सांगून तरी काय, तिनं “बरं” म्हटलं असतं.

पहाटे मला आशिषच्या कबरीपाशी थोडा वेळ एकट्यालाच बसायचं होतं. म्हणून मी आधीच सायकलवरून पुढं गेलो. जाताना सलीमच्या हातात किल्ली दिली आणि म्हणालो, “दुकानातली चादरीत गुंडाळलेली पेटी तेवढी टेम्पोत घाल. कुलूप लाव आन् किल्ली आणून दे.”

डॅनियलकाकांच्या पेटीवर धूळ बसू नये म्हणून मी तिच्यावरही चादर घातली होती. आणि ती दारातच होती. सलीमला ती पहिली दिसली. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

“तुमीच म्हणाला चादरीतली पेटी,” सलीम मला बाजूला घेऊन म्हणाला. घामाघूम झाला होता बिचारा. “मला काय ठावं योहानभाई, तुमच्यात दोन-दोन पेट्या असत्यात म्हणून. मी म्हणलं, आज सण हाय, काढत असतील भायेर.”

“सणाला मढ्याची पेटी काढत्यात व्हय रं?”

“कबरस्तानातच बोलवलंय म्हणल्यावर मी काय समजू?”

किल्ली त्यानं आल्या आल्याच माझ्या हातात दिली होती, मी ती करदोट्याला अडकवली होती. म्हणालो, “जा, दुसरी घेऊन ये.” पण तेवढ्यात डॅनियलकाका कडाडले, “आता ऱ्हाऊ द्या. उजाडलं. बिगर पेटीचं म्हणा. आमी बॉर्डरवर बिगर पेटीचंच म्हणत हुतो.” मग त्यांनी आपल्या पेटीवर चादर नीट घातली आणि तिच्यावरच बसले. गुडघे दुखतात त्यांचे.

पाळकसाहेब म्हणाले, “प्रभू उठला आहे.”

मंडळी म्हणाली, “खरोखर उठला आहे.”

मी नुसते ओठ हलवले. आमच्या भाषेत कबरीतनं उठणारा तोही उठतो आणि अंथरुणातनं उठणारा तोही उठतो, शब्द एकच. मी वर्षभर ह्या दुसऱ्या उठण्यासाठी रोज सकाळी एका बाईच्या उशाशी उभा राहिलो होतो. पहिल्याबद्दल हो म्हणायला माझ्यात त्राण नव्हतं.

गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या ओळीतच फाटलं. बाया वरच्या पट्टीत, बाप्ये खालच्या, आणि डॅनियलकाका दोन्ही सोडून तिसरीकडंच मार्च करत निघालेले. फडातल्या पाखरांनी थवे करून गाव सोडलं — हे वाढवलंय. पाळकसाहेब हात वरखाली करून सावरायला बघत होते. तिसरं कडवं तसंच सोडून द्यावं असं सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं.

तेव्हा वाटेकडच्या बाया गायच्या थांबल्या. मग एकेक करून सगळेच थांबले. मी मान वर केली.

उसाच्या मधल्या वाटेनं रूथ येत होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर चादरीत गुंडाळलेली आशिषची पेटी, एक हात पेटीला, दुसऱ्या हातात पदराचं टोक. अनवाणी. वेणी माझ्याच हातची, आदल्या दिवशीची. आमच्या घरापासून दफनभूमी चालत गेलं तर धडधाकट माणसाला धाप लागते. आणि ही भिंत धरल्याशिवाय न्हाणीत जात नव्हती.

कुणीतरी “हालेलूया” म्हणून हात वर केले. दोन-तीन बाया रडायला लागल्या.

“आधी खाली घ्या कुणीतरी,” रूथ म्हणाली. “मान मोडली माझी.”

मी धावलो. पेटी उतरवून घेतली. तिचा हात धरायला गेलो तर तिनं तो पदरानं तोंड पुसायला सोडवून घेतला.

“रूथ, तू... कशी आलीस?”

“तुमीच माणूस धाडलासा न्हवं?”

“कुठला माणूस?”

“कुणीतरी दारातनं हाक दिली. पेटी राहिली म्हणून. मला वाटलं, तुमीच धाडलाय. आता पेटी राहिली म्हणल्यावर आणाय नको?”

मी मंडळीकडं बघितलं. मंडळी माझ्याकडं बघत होती. कुणी गेलं नव्हतं. सगळे डोळ्यांसमोर होते, सलीम माझ्या शेजारी. फोन म्हणाल तर रूथचा फोन बंद होऊन सहा महिने झाले असतील, तो माझ्या कपाटात पडला आहे. आणि पेटी राहिली हे आम्हालाच मुळी चादर ओढल्यावर कळलं होतं. आमचं कळणं, गाण्याची अडीच कडवी, आणि तिचं तिथवर चालत येणं — ह्याचा हिशेब कुठल्याही बाजूनं घातला तरी बसत नाही. आम्हाला कळायच्या आधीच ती घरातून निघालेली असायला पाहिजे.

पण तेव्हा हे डोक्यात आलं नाही. तेव्हा पाळकसाहेबांनी चादर सोडली, पेटी उघडली, भाता ओढला. एक-दोन सूर उंदरांनी खाल्ल्यासारखे खरखरले. त्यांनी पट्टी धरली आणि गाणं पुन्हा सुरू केलं. रूथ डॅनियलकाकांच्या शेजारी, त्यांच्याच पेटीवर बसली होती, पाय चोळत. एका ओळीनंतर तिनं हात वर केला.

“लय वर धरलंय. बायकांचं गळं फुटतील,” ती म्हणाली. “आशिष काळी एकला धरायचा.”

वर्षभरात तिच्या तोंडातून त्याचं नाव निघालं नव्हतं. माझ्याही. आम्ही दोघं त्याला नाव न घेता बाजूला ठेवून जेवत होतो.

पाळकसाहेबांनी पट्टी बदलली. काळी एकला गाणं बसलं. चांगलं झालं का? नाही झालं. पण शेवटपर्यंत गेलं.

परतताना आम्ही टेम्पोत पुढं बसलो, मागं दोन्ही पेट्या. दुकानापाशी उतरलो तर दाराला कुलूप होतं. लागलेलं. मी ओढून बघितलं. सलीमनं ओढून बघितलं.

“मी लावलंय त्येच हाय,” सलीम म्हणाला. “दोनदा वडून बघून निघालतो. आमच्या अम्मीची शप्पत.”

मी रूथकडं वळलो. “किल्ली कुठं मिळाली तुला?”

“कसली किल्ली?”

“दुकानाची. कुलूप कशानं काढलंस?”

“दार उघडं हुतं,” ती म्हणाली आणि घरात गेली.

मी कुलूप काढून आत गेलो. मागच्या फळीवर पेटीच्या जागी धुळीत चौकोन. भुशावर सलीम आणि त्याच्या माणसांच्या चपलांचे ठसे, आणि मधोमध, सरळ फळीपर्यंत गेलेले आणि आलेले, अनवाणी पायांचे. कौलं शाबूत. मागं खिडकी आहे, तिला गज मीच बसवलेले, त्यातून मांजरसुद्धा पोट आत ओढून जातं.

सलीम दारातूनच म्हणाला, “योहानभाई, आता ह्यात काय घालू नगासा. हाय असंच सांगा. आधीच कुणी इस्वास ठेवायचं न्हाई.”

त्या दिवशी मी सगळ्यांना विचारलं. दूधवाला, पेपरवाला, समोरचे पाटील, जे पहाटे व्यायाम करतो म्हणून अंगणात उभं राहून जांभया देतात. आमच्या दारात कुणाला कुणी दिसलं नव्हतं. पाटलांनी रूथला पेटी घेऊन निघताना बघितलं होतं. त्यांना वाटलं स्वप्न पडतंय, म्हणून ते आत जाऊन परत झोपले.

दुपारी पाळकसाहेब आले. डोळे लकाकत होते त्यांचे. म्हणाले, “रूथताई, पुढच्या रविवारी तुम्ही साक्ष द्यायला हवी. अहो, उघडं दार, हाक, आणि तुमचं उठणं... लोकांच्या विश्वासाला केवढा आधार होईल.”

रूथ बसूनच होती. कांदा चिरत होती. “कशाची साक्ष देऊ? हाक आली, दार उघडं हुतं, पेटी उचलली. ह्यात सांगायजोगं काय हाय?”

“पण हाक कुणाची होती?”

“बघितलं न्हाई मी. उठूस्तवर गेला हुता.”

“आवाज कसा होता?” हे मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

तिनं सुरी थांबवली.

“घाईतल्या माणसाचा,” ती म्हणाली.

जाताना पाळकसाहेब दारात मला म्हणाले, “योहानमामा, मी सेमिनरीत ह्याच विषयावर निबंध लिहिला होता. पहिला नंबर आला होता माझा.” एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या. डाव्या पायातली उजव्या पायात घातली होती, तशीच घालून गेले. हे वाढवलेलं नाही.

संध्याकाळपर्यंत घरात माणसांची रीघ. डॅनियलकाकांनी तर माझ्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं सांगितलं, आणि त्यांच्या सांगण्यात रूथ एकटीच दोन्ही पेट्या डोक्यावर घेऊन आली होती. मी एरवी असल्या संधीला सोडत नाही. पण त्या दिवशी मी कुणालाच काही सांगितलं नाही. माझं लक्ष रूथकडं होतं.

कारण सगळे गेल्यावर ती उठून आतल्या खोलीत गेली आणि आडवी झाली. भिंतीकडं तोंड करून. त्याच जागी, तशीच, गुडघे पोटाशी घेऊन.

मी दारात उभा राहिलो. वर्षभर मी कधी देवाशी भांडलो नव्हतो, भांडायलाही ताकद लागते. त्या रात्री मनातल्या मनात भांडलो. म्हटलं, एक दिवसासाठी उठवलंस? एक दिवसाचं पुनरुत्थान घेऊन मी काय करू? हारफुलं, गाणी, हालेलूया, आणि उद्या परत तीच वेणी, तीच भाकरी, तेच “उठते”. ह्याच्यापेक्षा उठवली नसतीस तर निदान मला सवय तरी झाली होती. मग मला वाटलं, ह्याला भांडण म्हणतच नाहीत, ही भीक आहे. आणि दमून झोप लागली.

आजवर ह्या गोष्टीचा उलगडा झालेला नाही. मी सुतार माणूस, सांधा कुठं आहे ते शोधायची मला सवय आहे. कुलपाचा कारखानदार सापडला असता तर त्याला जाऊन भेटलो असतो. सांगलीच्या एका किल्लीवाल्यानं कुलूप उघडून तपासलं, म्हणाला ठणठणीत आहे, ह्याला किल्लीशिवाय उघडायचं म्हणजे तोडायलाच लागतं. माझा मेहुणा कवठे महांकाळहून येऊन म्हणाला की बहिणीनं दुसरी किल्ली कुठंतरी दडवली असेल. मी घर पालथं घातलं. किल्ली नाही. रूथला परत विचारलं तर म्हणते दार उघडं होतं. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर लिहा, मी वाचेन. पण मला खरं तर दुसऱ्या दिवसाचं सांगायचंय, त्यासाठीच हे सगळं लिहिलं.

सोमवारी मला उशिरा जाग आली. ऊन खिडकीतून पार गादीवर आलं होतं. वर्षभरात पहिल्यांदा मी इतका वेळ झोपलो असेन. डोळे उघडले, पण कूस बदलायची छाती होईना. शेजारी ती भिंतीकडं तोंड करून पडलेली दिसली तर... तसाच छताकडं बघत पडून राहिलो. छताला एक वासा मी वाकडा बसवलाय, तो तेव्हा लक्षात आला.

मग बाहेरून भांड्यांचा आवाज आला.

वळून बघितलं. अंथरूण रिकामं. गोधडीची घडी घातलेली.

मी उठून बाहेर गेलो. रूथ पदर खोचून नळापाशी उभी होती. घागरी, कळश्या, बादल्या ओळीनं मांडलेल्या. एक हात कमरेवर, चेहरा ओढलेला, काल एवढं चालल्यानं पाय सुजलेले. केस तिनं स्वतःच विंचरले होते, अर्धे सुटलेले. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. शेवटी एवढंच विचारलं.

“आज बी कुणी हाक दिली व्हय गं?”

तिनं नळाखालची घागर सरकवली, रिकामी लावली.

“न्हाई,” ती म्हणाली. “आज पाणी येतंय.”